पट्टी किती रुंद, माती किती

उताराची एक हेक्टर जमीन आहे. तिच्यावर पायऱ्या पाडून भाताची खाचरे काढायची आहेत. माती किती उकरावी लागेल? आंबेगाव, जुन्नर, अकोले, इगतपुरी या तालुक्यांच्या पश्चिम भागात उन्हाळा आला की हा प्रश्न कुणाला ना कुणाला पडतोच. शेतकऱ्याला खर्चाचा अंदाज हवा असतो, कृषी सहायकाला अंदाजपत्रक करायचे असते, जेसीबीवाल्याला तास सांगायचे असतात. बहुतेक वेळा उत्तर नजरेने दिले जाते: ‘होईल तीनशे-चारशे ब्रास.’ नजर तयार असेल तर ते बरोबरही ठरते. पण त्रिकोणाचे क्षेत्रफळ काढता येणाऱ्या कुणालाही हे उत्तर कागदावर काढता येते, आणि ते काढताना नजरेला न सापडणारी एक गोष्ट कळते. जमिनीचा उतार आपल्या हातात नसतो, पट्टीची रुंदी मात्र आपणच ठरवतो. खोदाई किती, खर्च किती आणि नव्या खाचरात पीक येणार की नाही, याचा निकाल त्या रुंदीवर लागतो.

कागदावर एक तिरपी रेघ ओढा. हा डोंगरउतार, बाजूने पाहिलेला. आता तिला मध्येच छेदून जाणारी एक आडवी रेघ ओढा. ही झाली खाचराची सपाट पट्टी. आडव्या रेघेचा अर्धा भाग डोंगराच्या पोटात शिरतो आणि उरलेला अर्धा बाहेर, हवेत येतो. पोटात शिरलेल्या भागाच्या वर मातीचा एक त्रिकोण असतो, तो कापायचा. हवेतल्या भागाच्या खाली तेवढाच रिकामा त्रिकोण असतो, तो भरायचा. वरची माती खाली ओढली की पायरी तयार. बाहेरून माती आणायची नाही, बाहेर न्यायचीही नाही.

कापायच्या त्रिकोणाचा पाया पट्टीच्या निम्मा असतो आणि त्याची उंची दोन पायऱ्यांमधल्या उंचीच्या निम्मी. म्हणून त्याचे क्षेत्रफळ म्हणजे रुंदी गुणिले उंची भागिले आठ. उतार २० टक्के, म्हणजे १०० मीटर आडव्या अंतरात २० मीटर चढ, आणि पट्टी ५ मीटर रुंद धरली तर दोन पायऱ्यांमधली उंची १ मीटर येते. त्रिकोण ०.६२५ चौरस मीटरचा. हेक्टरात ५ मीटरच्या पट्ट्या पाडल्या की त्यांची एकूण लांबी २००० मीटर भरते. दोन्हींचा गुणाकार १२५० घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर, त्या हिशोबाने साधारण ४४० ब्रास.

हे सगळे एका ओळीत बसवता येते. पट्टीची रुंदी मीटरमध्ये घ्या, उतार टक्क्यांत घ्या, दोघांचा गुणाकार करून त्याला १२.५ ने गुणा. हेक्टरी खोदाई घनमीटरमध्ये मिळते. कमरेला मीटरपट्टी आणि खिशात मोबाईल असलेला कुणीही हे बांधावर उभा राहून काढू शकतो.

आता रुंदी बदलून पाहा. त्याच २० टक्के उतारावर ३ मीटरची पट्टी घेतली तर ७५० घनमीटर. १० मीटरची घेतली तर २५०० घनमीटर. जमीन तीच, उतार तोच, मिळणारे सपाट क्षेत्रही जवळपास तेवढेच. माती तिपटीहून अधिक. रुंदी दुप्पट झाली की पायरीची उंचीही दुप्पट होते, म्हणून त्रिकोण चौपट होतो. पट्ट्यांची एकूण लांबी निम्मी होते, म्हणून शेवटी दुप्पट उरते. पण दुप्पट ही फक्त मातीच्या मापाची गोष्ट. कापलेल्या त्रिकोणाच्या मध्यापासून भरावाच्या त्रिकोणाच्या मध्यापर्यंतचे अंतर पट्टीच्या दोन तृतीयांश असते. ५ मीटरच्या पट्टीत माती सरासरी सव्वातीन मीटर सरकवावी लागते; फावड्याने भिरकावली तरी चालते. १० मीटरच्या पट्टीत हे अंतर पावणेसात मीटरच्या आसपास जाते. तिथे घमेली लागतात, नाहीतर यंत्र. माती दुप्पट आणि अंतरही दुप्पट, म्हणजे वाहतुकीचे कष्ट चौपट.

आंबेगाव-जुन्नरच्या आदिवासी पट्ट्यात उतार फोडून खाचर काढण्याच्या कामाला पडकई म्हणतात. टिकाव, कुदळ, पहार आणि सावडीने एकमेकांच्या शेतात राबणारी माणसे, एवढ्याच भांडवलावर ती पूर्वी चालत असे. मऊ मातीत एक माणूस दिवसाला दोन ते तीन घनमीटर माती काढतो असे धरले, तर १२५० घनमीटरला चारशे ते सहाशे दिवसांची मजुरी होते. हाताने काम करणाऱ्या माणसाला रुंद पट्टी परवडतच नव्हती. त्यामुळे चढ वाढेल तशा जुन्या खाचरांच्या पट्ट्या अरुंद होत गेलेल्या दिसतात, काही ठिकाणी बैलजोडीही वळणार नाही इतक्या. त्यांना ‘बारीक तुकडे’ म्हणून नावे ठेवणे मला पटत नाही. चढावर अरुंद पट्टी हाच कमीत कमी माती हलवण्याचा मार्ग आहे, आणि सूत्र न मांडता त्या माणसांनी तो नेमका शोधला होता.

यंत्र आले आणि हा धरबंध सुटला. जेसीबीला वळायला जागा हवी, म्हणून पट्टी रुंद. पट्टी रुंद म्हणून काप खोल. पट्टीच्या आतल्या कडेला काप सर्वांत खोल असतो आणि तो दोन पायऱ्यांमधल्या उंचीच्या निम्मा असतो. २० टक्के उतारावर ५ मीटरच्या पट्टीत तो अर्धा मीटर, १० मीटरच्या पट्टीत पुरा एक मीटर. ३० टक्के उतारावर १० मीटरची पट्टी पाडली तर दीड मीटर. सह्याद्रीच्या उतारावर मातीचा थर बऱ्याच ठिकाणी हातभरच असतो, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. हातभर माती असलेल्या जमिनीत एक मीटर काप घेतला की आतली जवळपास चौथाई पट्टी मुरमावर येते आणि चांगली माती बाहेरच्या भरावात गाडली जाते. मग पहिली दोन-तीन वर्षे पट्टीच्या आतल्या बाजूला भात पिवळा पडतो आणि शेतकरी बियाण्याला दोष देतो. म्हणून अंदाज काढण्याआधी चार-पाच ठिकाणी पहारीने भोक पाडून मातीची खोली बघावी. काप त्या खोलीच्या आत बसला पाहिजे, आणि त्यावरून उलटे गणित करून रुंदी ठरवावी. अर्धा मीटर माती आहे आणि उतार २० टक्के आहे, तर पट्टी ५ मीटरच्या पुढे नेऊ नये. उतार ३० टक्के असेल तर हीच मर्यादा सव्वातीन मीटरवर येते.

वरची सुपीक माती वाचवायची असेल तर अंदाजपत्रकात आणखी एक रक्कम येते, आणि ती बघून पुष्कळांना धक्का बसतो. हेक्टरभर जमिनीवरून १५ सेंटिमीटरचा थर काढून बाजूला ठेवायचा म्हटले तर १५०० घनमीटर माती होते. म्हणजे पायऱ्या पाडायच्या मूळ खोदाईपेक्षा जास्त, आणि ती दोनदा हलवायची. यावर एक जुनी युक्ती आहे. काम खालच्या पट्टीपासून सुरू करून वर चढत जायचे. खालची पट्टी सपाट झाली की तिच्या वरच्या पट्टीची सुपीक माती उचलून थेट खालच्या सपाटीवर पसरायची. थर एकदाच हलतो, साठवायला जागा लागत नाही. सर्वांत वरची पट्टी तेवढी उघडी राहते. तिला शेणखत आणि पालापाचोळा घालून वाढवावे लागते. वरून खाली काम करत आलात तर ही सोय हातची जाते.

आतापर्यंत पायरीची कड अगदी उभी धरली. दगडाची ताल किंवा कोकणातल्यासारखा गडगा रचला तर ती उभी राहते. नुसत्या मातीची राहत नाही, पहिल्या मोठ्या पावसात ढासळते. मातीच्या कडेला तिरपा उतार द्यावा लागतो, समजा एक मीटर उंचीला अर्धा मीटर आडवा. मग खोदाई वाढेल असे वाटते, पण गणित करून पाहिले तर हेक्टरी आकडा तसाच, १२५० घनमीटरच राहतो. पायरीची उंची १ मीटरऐवजी १.११ मीटर होते, पट्ट्यांची लांबी २००० वरून १८०० मीटरवर येते आणि दोन्ही एकमेकांना फेडतात. तोटा होतो तो जमिनीत: एका हेक्टरात पिकाखाली ९००० चौरस मीटरच उरते, बाकीची दहा गुंठ्यांएवढी जागा कडांच्या तिरपीत जाते. जवळपास दगड मिळत असेल तर ताल रचायचे कष्ट या दहा गुंठ्यांसाठी घ्यायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

भाताच्या खाचरात पाणी उभे राहायला हवे, म्हणून पट्टीच्या बाहेरच्या काठावर बांध लागतो. अंदाजपत्रकात हा बांध हमखास विसरला जातो. ३० सेंटिमीटर उंच, माथा ३० सेंटिमीटर आणि दोन्ही बाजूंना एकास एक उतार, असा साधा बांध धरला तरी त्याचा छेद ०.१८ चौरस मीटर होतो. २००० मीटर लांबीला ३६० घनमीटर. मूळ खोदाईच्या चौथाईहून जास्त!

भरावाची माती दबते, हेही हिशोबात घ्यावे लागते. जागेवरची एक घनमीटर माती उकरली की ती फुगते, साध्या मातीत सुमारे चौथाईने, कठीण मुरमात आणखी जास्त. तीच माती भरावात घालून नीट चोपली की पूर्वीपेक्षाही थोडी कमी भरते. ही घट १० टक्के धरली तर भरावापेक्षा काप थोडा जास्त घ्यावा लागतो. किती जास्त? ५ मीटरच्या पट्टीत कापाची रुंदी २.५० ऐवजी २.५६ मीटर घ्यायची. २० टक्के उतारावर याचा अर्थ पट्टी सव्वा सेंटिमीटर खाली बसवायची. एवढे छोटे अंतर फावड्याच्या एका फटक्यात पुसले जाईल असे वाटेल, पण सगळ्या हेक्टरात त्याने कापाची माती साठेक घनमीटरने वाढते. ते धरले नाही तर बाहेरचा काठ पावसाळ्यानंतर खचतो आणि खाचरातले पाणी एका बाजूला धावते.

या साऱ्याचा पाया म्हणजे उताराचे माप, आणि खरी चूक बहुधा तिथेच होते. गवंडी जोत्याची पातळी काढायला वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी इथे उत्तम काम देते. पाणलोटाच्या कामांमध्ये दोन खुणा केलेल्या काठ्यांना तीच नळी बांधतात आणि तिला हायड्रोमार्कर म्हणतात. एक माणूस वर उभा राहतो, दुसरा दहा मीटर खाली. नळीतले बुडबुडे आधी काढून टाकायचे. एक बुडबुडा अडकला तरी माप खोटे येते. पाणी स्थिरावले की दोन्ही काठ्यांवरचे आकडे वाचायचे, त्यांतला फरक म्हणजे तेवढ्या अंतरातला चढ. अंतर मात्र आडवे मोजायचे, टेप ताणून, जमिनीला चिकटवून नाही. २० टक्के उतारावर जमिनीलगत मोजले तर २ टक्क्यांची चूक होते, ५० टक्के उतारावर ती जवळजवळ १२ टक्क्यांवर जाते. सातबाऱ्यावरचे क्षेत्र आडवेच असते, त्यामुळे हिशोबही आडव्यातच चालला पाहिजे. आणि अंश आणि टक्के यांची गल्लत करू नये. २० अंशांचा उतार म्हणजे ३६ टक्के. ही एक चूक खोदाईचा आकडा जवळपास निम्म्यावर आणते. एक सोय मात्र आहे: रुंदी ठरलेली असेल तर खोदाई उताराच्या थेट प्रमाणात वाढते, म्हणून जमिनीवर दहा ठिकाणी उतार मोजून त्यांची सरासरी वापरली तरी उत्तर बरोबर येते.

डोंगर कागदावरच्या रेघेसारखा सरळ नसतो. कुठे फुगवटा असतो, कुठे घळ, कुठे पट्टी निमुळती होत कातळाला टेकून संपते. अशा ठिकाणी थोड्या थोड्या अंतरावर छेद घेतात, दोन छेदांच्या क्षेत्रफळांची सरासरी काढतात आणि मधल्या लांबीने गुणतात. सरकारी अंदाजपत्रकांत हीच रीत चालते आणि बहुतेक ठिकाणी ती पुरेशी असते. निमुळत्या टोकाशी मात्र ती फसवते. २० मीटर लांबीत छेद ०.९ चौरस मीटरवरून शून्यावर येत असेल तर सरासरीच्या रीतीने ९ घनमीटर येतात. प्रत्यक्षात काप रुंदीलाही आणि खोलीलाही आटत गेला असेल तर माती असते फक्त ६ घनमीटर. योग्य रीत अशी: दोन टोकांचे छेद, अधिक मधल्या छेदाची चौपट, भागिले सहा, गुणिले लांबी.

ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्येच तिच्याशी तंतोतंत जुळणारा नियम खड्ड्यांसाठी दिला होता. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) तर ‘खातव्यवहार’ नावाचा स्वतंत्र भाग आहे. त्यातले एक उदाहरण घ्या: विहिरीचे तोंड १२ हात लांब आणि १० हात रुंद, तळ दोन्ही बाजूंनी निम्मा, खोली ७ हात. तोंडाचे क्षेत्रफळ १२०, तळाचे ३०, आणि दोन्हीकडच्या बाजूंची बेरीज करून येणारे १८ गुणिले १५ म्हणजे २७०. एकूण ४२०, भागिले सहा ७०, गुणिले सात ४९०. नुसती तोंड-तळाची सरासरी घेतली असती तर ५२५ आले असते. खोदणाऱ्याला पस्तीस घनहातांची मजुरी जादा, किंवा मापाच्या भांडणाला तेवढे निमित्त. भास्कराचार्य सह्याद्रीच्या आश्रयाने राहणारे, आणि त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने मठ काढल्याचे सांगणारा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे. त्याच सह्याद्रीच्या उतारावर आज कुणी पट्टीचे माप काढतो तेव्हा हे गणित त्याच्या हाताशी असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

‘लीलावती’तला आणखी एक नियम मला जास्त जवळचा वाटतो, कारण त्याच्यावर माणसांची मजुरी अवलंबून असते. खड्डा वेडावाकडा असेल तर लांबी, रुंदी, खोली अनेक ठिकाणी मोजा आणि प्रत्येकाची सरासरी घ्या. तिथल्या उदाहरणात लांबी १०, ११, १२ हात, रुंदी ६, ५, ७ हात, खोली २, ४, ३ हात. सरासऱ्या ११, ६ आणि ३, उत्तर १९८ घनहात. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना मोठ्या प्रमाणावर राबवली गेली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तेव्हापासून लाखो मजुरांची मजुरी खोदलेल्या मातीच्या मापावर ठरत आली आहे. सपाट रानात चौकडी खोदतात, मध्ये मातीचा एक उभा खांब सोडतात आणि त्याच्या उंचीवरून खोली मोजतात. उतारावर हेच केले तर अन्याय ठरलेला. पट्टीच्या कापाची खोली आतल्या कडेला अर्धा मीटर असते आणि मध्यापर्यंत येता येता शून्य होते. सरासरी पाव मीटर. खांब आतल्या कडेला सोडला आणि त्याच खोलीने कापाची पूर्ण रुंदी गुणली तर माप दुप्पट येते, मध्याजवळ सोडला तर मजुराच्या हातात जवळजवळ काहीच पडत नाही. दिवसभर उन्हात घमेली वाहिलेल्या बाईची मजुरी खांब कुठे सोडला यावर ठरू नये. कडेपासून मध्यापर्यंत सारख्या अंतरावर तीन-चार खांब सोडून सरासरी घ्यावी, आणि मोजमाप पुस्तकात आकडे भरताना मजुरांना समोर उभे करावे.

मातीचे काम फक्त मातीचे नसते, पाण्याचेही असते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला आणि दीडशेहून जास्त माणसे गाडली गेली. अतिवृष्टी हे कारण होतेच. उतारावर यंत्राने केलेल्या सपाटीकरणाचा त्यात किती वाटा होता यावर पुढे मोठा वाद झाला. तो वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट प्रत्येक उताराला लागू पडते. जेवढी माती हलवाल तेवढी ती मोकळी होते, आणि मोकळ्या मातीत मुरलेले पाणी तिला जड करते. म्हणून कमी खोदाईची पट्टी ही सुरक्षिततेचीही पट्टी आहे, आणि पायऱ्यापायऱ्यांवरून पाणी दगडी सांडीने खाली नेण्याची सोय अंदाजपत्रकात पहिल्या पानावर असली पाहिजे. पायऱ्यांची अशी खाचरे, म्हणजे मजगी, साधारण १६ ते ३३ टक्के उतारासाठी सुचवतात. त्याहून उभ्या जमिनीवर गवत, बांबू, फळझाडेच बरी.

शेवटी ठेकेदाराशी बोलण्याचा मुद्दा. ४४० ब्रास माती जागेवरची आहे. तीच ट्रॉलीत भरली तर साडेपाचशे ब्रास होते, आणि भरावात चोपून बसली की चारशेच्या आसपास येते. तिन्ही आकडे खरे आहेत आणि तिन्ही एकाच मातीचे आहेत. काम सुरू होण्यापूर्वी ठराव लिहिताना ‘ब्रास’ या शब्दापुढे ‘जागेवरच्या मापाने, खोदाईआधीच्या आणि नंतरच्या छेदांवरून’ एवढे लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात, आणि खोदाईआधीचे छेद यंत्र रानात शिरण्याआधी मोजून ठेवावेत. एकदा बकेट जमिनीला लागली की मूळ उतार कुणालाच दाखवता येत नाही.